इंदोऱ्याहून दीक्षाभूमीकडे : ही गाडी कोणाची?

गेल्या महिन्यात आम्ही उभयता मुलीला घेऊन वर्ध्याहून नागपूरला गेलो. इंदोऱ्याला आमच्या आत्याबाई राहतात. पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुर करतात. दीक्षाभूमीला जायचे म्हटले की ऑटोवाला मागेल ती रक्कम द्यावी लागते, म्हणून त्यांचे जाणे कमी झाले होते. या वेळी मुलीने हट्टच धरला, "आजी, मेट्रोने जाऊ."

इंदोरा चौकातले स्टेशन उंचावर आहे. जिना पाहून आत्याबाई थबकल्या. पण लिफ्ट होती. फलाटावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "काहून रे, हे गाडी कोनाची व्हय? सरकारची का कोन्या शेठजीची?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका शब्दात देता येईना. गाडीत बसायला जागा मिळाली, तेव्हा आम्ही त्यांना समजावून सांगितले.

ही गाडी चालवणारी कंपनी म्हणजे महामेट्रो. तिच्यात निम्मा वाटा केंद्र सरकारचा, निम्मा महाराष्ट्र सरकारचा. संचालक मंडळावरही दोघांचे अधिकारी बसतात. दिल्लीत 1995 साली अशीच अर्ध्या-अर्ध्या वाट्याची कंपनी निघाली होती. नागपूरची कंपनी 2015 साली स्थापन झाली आणि 2017 साली तिचीच महामेट्रो होऊन पुण्याचे कामही तिच्याकडे आले. नागपूरच्या पहिल्या टप्प्याला 2014 साली मंजुरी मिळाली, तेव्हा खर्च धरला होता 8,680 कोटी रुपये. नागपूर महानगरपालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास यांनाही त्यात वाटा उचलायचा होता. उरलेल्या पैशासाठी कर्ज काढले. 2016 साली जर्मन सरकारच्या केएफडब्ल्यू या बँकेशी 50 कोटी युरोचा आणि फ्रान्स सरकारच्या एएफडी या संस्थेशी 13 कोटी युरोचा करार झाला.

आत्याबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात गड्डीगोदाम आले. मुलगी काचेला नाक लावून ओरडली, "आजी, खाली बघ!" सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो. एकावर एक चार मजले! इथे आणखी दोन भागीदार लागले. उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, तर रुळांवरून काम करायचे म्हणजे रेल्वेची परवानगी हवीच. एका पुलासाठी इतकी खाती एका टेबलाशी बसली. आपल्या वस्तीतल्या नळासाठी दोन खाती एकत्र येत नाहीत, हे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

कस्तुरचंद पार्क, झिरो माइल, सीताबर्डी, काँग्रेसनगर अशी स्टेशने मागे पडली आणि गाडी न बदलता आम्ही रहाटे कॉलनीला उतरलो. 2019 साली खापरी ते सीताबर्डी गाडी धावली तेव्हा हे स्टेशन त्या मार्गावरच होते, पण इंदोऱ्याच्या माणसाला थांबावे लागले. कामठी रोडवरची गाडी डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली.

पुढची वाट आम्ही हळूहळू पायी चाललो. आत्याबाई 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला सहा वर्षांच्या होत्या. उमरेडकडच्या खेड्यातून बैलगाडीने निघाल्या आणि शेवटची वाट बापाच्या खांद्यावर बसून आल्या. त्या दिवशी लाखो माणसे जमली होती. माणसे आपल्या भाकरी बांधून, आपल्या पायांनी आली होती.

स्तूपासमोर हात जोडून त्या ओट्यावर बसल्या आणि मघाचाच धागा पुन्हा धरला. "मंग हे कर्ज फेडन कोन?"

"आपणच, आत्याबाई. तिकिटातून आणि करातून."

"मंग आपलीच गाडी व्हय. आपल्या गाडीत बसाले भेव कायचं?"

वाचकहो, आम्हाला हे उत्तर फार आवडले. दुसऱ्या टप्प्याला 2022 साली मंजुरी मिळाली. 43.8 किलोमीटर, 6,708 कोटी रुपये. हे मार्ग कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जायचे आहेत. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी आपली किती तरी पोरे-पोरी आहेत. स्टेशनातून कारखान्याच्या दारापर्यंत बस असेल का, रात्रीची पाळी सुटल्यावर गाडी मिळेल का, हे त्यांनी आताच विचारले पाहिजे. दोन सरकारे, महापालिका, प्रन्यास असे सगळे भागीदार कागदावर आहेत. ज्याच्या करातून कर्ज फिटते, तोही भागीदारच आहे. फक्त त्याची सही कुठे घेत नाहीत, म्हणून त्याने तोंडाने बोलायचे असते.

परतताना आत्याबाईंनी लिफ्टचे बटण स्वतः दाबले.