अर्धा गुण

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) या कथेतील दोघे शौकीन अखेरीस एकमेकांच्या तलवारीने मरतात. सत्यजित राय १९७७च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवून पुन्हा पटावर बसवतात. वर्गात हा फरक सांगताना आम्ही वर्षानुवर्षे प्रेमचंदांची बाजू घेतली. बरोबरी हा आम्हांस शेवट वाटतच नसे.

उंबरमाळीहून आम्ही कल्याणला हौशी खेळाडूंच्या बुद्धिबळ स्पर्धांना जात असू. (हौशी म्हणजे हरल्यावर आठवडाभर ज्यांना जेवण गोड लागत नाही ते.) अशाच एका स्पर्धेची शेवटची फेरी. समोर आसनगावचे एक निवृत्त गुरुजी. आमच्याकडे राजा, उंट आणि उजव्या कडेचे एक प्यादे; त्यांच्याकडे नुसता राजा. पाहणाऱ्याला वाटावे, डाव जिंकलाच. पण आमचा उंट पांढऱ्या घरांचा, आणि प्याद्याचा वजीर व्हायचा ते कोपऱ्यातले घर काळे. तिथे ठाण मांडलेल्या राजाला कोणताही ग्रँडमास्टर हुसकावू शकत नाही. गुरुजींनी हळूच विचारले, “बरोबरी?” आम्ही नकारार्थी मान हलवली.

कारण घड्याळ. त्यांचे दीड मिनिट उरले होते, आमची सहा. दर चालीला सेकंद वाढवून देणारे ते घड्याळ नव्हते. त्यांची वेळ संपली की डाव आमचा, अगदी नियमाला धरून. आम्ही उंट उगाच इकडून तिकडे फिरवीत राहिलो. गुरुजींचा राजा कोपऱ्यात, शेजारच्या घरात, पुन्हा कोपऱ्यात. हात थरथरू लागला. एकदा राजा आडवा पडला. तो उभा करण्यात त्यांचे काही सेकंद गेले, आणि वर तेच आम्हांस “माफ करा” म्हणाले.

आम्ही प्यादे एक घर पुढे लोटले. राजाला शह नाही, हलायला घरही नाही. बरोबरी. १८६२च्या लंडन स्पर्धेत असे डाव पुन्हा खेळावे लागत. अर्धा गुण १८६७ साली डंडीच्या स्पर्धेत आला. त्या अर्ध्या गुणाने आम्हां दोघांचेही बक्षीस हुकले.

कसारा लोकलमध्ये गुरुजी शेजारीच बसले.

“प्यादं मुद्दाम लोटलंत?”

“पुढची गाडी फार उशिरा आहे, गुरुजी.”

हे खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते. आसनगावला उतरता उतरता ते दारातून म्हणाले, “मघाशी उंटाऐवजी घोडा राखायला हवा होता तुम्ही. डाव तुमचाच होता.”

उंबरमाळीला घरी पोहोचल्यावर आम्ही पट मांडून पाहिला. गुरुजींचे बरोबर होते.