कथानकाला सात खून माफ

'संगीत मानापमान'ची गोष्ट कोणाला सांगू नये, सांगणाराच ओशाळतो. श्रीमंताची मानी लेक भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि मग वनमालेचे सोंग घेऊन त्याची परीक्षा पाहते. वनमाला म्हणजेच भामिनी हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळते. शत्रूची चाल हेरणाऱ्या सेनापतीला मात्र पत्ता नसतो! भित्रा, दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर समोर असला, की मग नायकाचे मोठेपण सिद्ध करायला नाटककाराला फारसे कष्टच उरत नाहीत.

जळगावला प्रयोग होता तेव्हा आमचे धुळ्याचे मामा शेजारी होते. पहिल्याच अंकात त्यांनी मला कोपराने ढोसले. "हाई काय नाटक शे रे!" मी काय उत्तर देणार? त्यांचे म्हणणे खरेच होते.

पण मामांना मी मुद्दाम आणले होते. ही पदे मामी चुलीपाशी गुणगुणायची आणि मामा तिची थट्टा करायचे. मामी गेल्यापासून त्यांनी घरात रेडिओ लावला नव्हता.

अशा नाटकांवर आपलाच हक्क आहे असे नाही. इटलीत व्हेर्दीचा 'इल त्रोव्हातोरे' १८५३ साली रोमला रंगभूमीवर आला. त्यात एक बाई सूडाच्या भरात चुकून स्वतःचेच मूल आगीत टाकते आणि दुसऱ्याचे वाढवते! लोक हसतात, आणि तरी तिकिटे काढतात. गाणे तसे आहे.

खाडिलकर मुळात 'केसरी'तले, गद्य नाटकांचे. १९०७ च्या त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० साली बंदी घातली. पुढच्याच वर्षी हे त्यांचे पहिले संगीत नाटक आले. गोविंदराव टेंब्यांनी साकी-दिंडीची मळलेली वाट सोडून ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणाच्या चाली दिल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. त्या दिवशी ते कसे गायले असतील, याचा विचार मला करवत नाही. या गंधर्वांनी लहानपणी मेहबूबखाँकडे गाण्याचे पहिले धडे गिरवले ते आमच्या जळगावात, हे सांगताना खानदेशी माणसाची छाती थोडी फुगतेच, फुगू द्या.

एक गोष्ट मात्र मला त्या रात्री उमगली. भामिनीचा गर्व का गळतो हे संवाद पटवून देत नाहीत. दोन वाक्यांत बाई बदलते. पण तीच बाई वनमाला होऊन गायला लागली, की स्वर आधी अडखळतो, मग हळूच लवतो, आणि शब्दांनी जी पायरी गाळली तिच्यावर सूर पाय ठेवतो. म्हणून कथानक कापून नुसती पदे गाणाऱ्या मैफली मला अर्ध्या वाटतात. वेड्या सोंगावाचून तो लवणारा स्वर येणार कुठून?

ते पद सुरू झाले आणि मामांचे कोपर थांबले. लोकांनी 'वन्समोअर' दिला. मामांनी टाळी वाजवली नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "गोष्ट वेडीच शे." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "तुनी मामी बी हाईच चाल म्हने का रे?"