सुताराचे पदक

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्यांचे रविवार फार लांबतात. अशाच एका रविवारी आम्ही सहकुटुंब येथील विज्ञानकेंद्रात 'शॅकल्टन्स अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर' हा २००१ सालचा अनुबोधपट पाहिला. घुमटाकार पडदा एवढा विशाल की, बर्फ समोर नसून आपणच बर्फात उभे आहोत असा भास व्हावा. मधूनच फ्रँक हर्लीने त्या वेळी टिपलेली चित्रे दिसत आणि अंगावर काटा येई.

हकीकत सर्वश्रुत आहे. १९१५ च्या जानेवारीत 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले आणि नोव्हेंबरात बुडाले. २८ माणसे महिनोन्‌महिने बर्फावर राहून अखेर एलिफंट बेटाला लागली. तेथून शॅकल्टनने पाच सोबत्यांनिशी एका होडीतून सुमारे १३०० किलोमीटर खवळलेला समुद्र ओलांडला, साउथ जॉर्जिया गाठले, आणि ३० ऑगस्ट १९१६ रोजी मागे राहिलेल्या बावीसही जणांना सुखरूप सोडविले. चिरंजीवांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या.

घरी आल्यावर याविषयी वाचताना मात्र आम्ही एका सुतारापाशी थबकलो. त्याचे नाव हॅरी मॅक्निश. त्या होडीच्या बाजू त्यानेच उंचावल्या, पेट्यांच्या फळ्या व कॅनव्हास यांचे छत तिच्यावर घातले, दिव्याच्या वाती, चित्रकाराचे रंग आणि सीलचे रक्त यांनी फटी बुजविल्या. पण त्यापूर्वी, बर्फावरून होड्या ओढीत असता, तो एकदा अडून बसला होता. जहाजच बुडाले, आता करार कसला, असे त्याचे म्हणणे. पुढे ध्रुवपदकासाठी शॅकल्टनने ज्या चौघांची शिफारस केली नाही, त्यांत तो होता. १९३० साली वेलिंग्टन येथे तो पदकाविनाच वारला.

शॅकल्टनला दोष देण्यास आमची जीभ रेटेना. आम्ही पडलो कारकून. काही वर्षांपूर्वी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या वार्षिक अहवालात 'उद्धट' हा शेरा वरिष्ठांच्या सांगण्यावरून आम्हीच टंकित केला होता. पावसाचे पाणी अभिलेखकक्षात शिरले त्या रात्री याच गृहस्थांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून फायली वरच्या फळ्यांवर चढविल्या होत्या. आम्हांस ते ठाऊक होते. आम्ही काही बोललो नाही. त्यांची बढती राहिली.

ते येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. निरोपसमारंभात दोन शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. वरिष्ठही समोर असतील. त्या रात्रीपासूनच आरंभ करावयाचा, असे आम्ही ठरविले आहे.