लंडन ते ब्रायटन : जुन्या मोटारींची वारी

नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पुरते उजाडण्यापूर्वी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये गेलात तर, वाचकहो, डोळ्यांआधी आपले कान आणि नाकच आपणांस सांगतील की येथे काहीतरी आगळे चालले आहे. फटफट, फुसफुस, खडखड असे नाना आवाज येत असतात. तेल, पेट्रोल आणि वाफ यांचा मिश्र वास थंड हवेत रेंगाळत असतो. जसजसे फटफटू लागते तसतशा धुक्यातून पितळी दिवे चमकू लागतात आणि रांगेने उभ्या असलेल्या शेकडो मोटारी दृष्टीस पडतात. त्यांपैकी एकीचेही वय सव्वाशे वर्षांच्या फार अलीकडचे नसते, कारण 1905 साल उजाडण्यापूर्वी जी तयार झाली तिलाच या वारीत प्रवेश मिळतो.

मोटार ही चीज तेव्हा बाल्यावस्थेत होती. जर्मनीत कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी वाहनाचा हक्क 1886 मध्ये नोंदविला होता. पण मोटारीचे रूप कसे असावे, याविषयी कारागिरांचे एकमत व्हायचे होते. म्हणूनच या रांगेतून फिरताना मोठी मौज वाटते. कोठे घोडा सोडून घेतलेली बग्गीच उभी आहे असा भास होतो. कोठे चाकाऐवजी नुसत्या दांड्याने दिशा वळवावी लागते. कोणाच्या मागील चाकांना सायकलीसारखी साखळी, तर कोणाला चामड्याचा पट्टा. फ्रान्सची पानार-लव्हासोर व द दिआँ-बुताँ, जर्मनीची बेंझ, इंग्लंडची वुल्झली आणि लँचेस्टर ही मंडळी शेजारी शेजारी उभी असतात. काही गाड्या वाफेवर चालतात, तर काही विजेवर! विजेची मोटार ही आजची नवलाई मानणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

या वारीमागे एका कायद्याची कथा आहे. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने यांत्रिक वाहनास गावाबाहेर ताशी 4 मैल आणि गावात ताशी 2 मैल एवढाच वेग ठरवून दिला होता. शिवाय वाहनापुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन पायी चालावे, अशी अट होती. 1878 मध्ये निशाणाची सक्ती सैल झाली. पण पुढे चालणारा माणूस राहिलाच. अखेर 1896 च्या कायद्याने हलक्या मोटारींची या जाचातून सुटका केली आणि वेगाची मर्यादा ताशी 14 मैलांवर नेली. त्या आनंदाप्रीत्यर्थ 14 नोव्हेंबर 1896 रोजी मोटारवाल्यांनी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली. निघालेल्यांपैकी अनेक वाहने वाटेतच राहिली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ 1927 पासून ही वारी पुन्हा सुरू झाली. महायुद्धाची वर्षे, पेट्रोलटंचाईचे 1947 साल आणि महामारीचे 2020 साल वगळता ती सहसा चुकलेली नाही. आजही निघण्यापूर्वी तांबडे निशाण समारंभपूर्वक फाडतात.

हाइड पार्क ते ब्रायटन हे अंतर सुमारे 60 मैलांचे. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला हे येथे कोणी विचारीत नाही. ठरल्या वेळेत पोहोचणाऱ्या प्रत्येकास पदक मिळते. पण पोहोचणे सोपे नसते. बहुतेक गाड्यांना टप नाही, वाऱ्यापावसापासून आडोसा नाही. चढ आला की इंजिनाला धाप लागते आणि बरोबरची मंडळी उतरून गाडी ढकलू लागतात. रस्त्याच्या कडेला एखादे वृद्ध गृहस्थ बाह्या सरसावून, हात काळे करून, यंत्रात डोके खुपसून बसलेले दिसतात. नातवंड हातात पाना धरून उभे असते.

इतका खटाटोप कशासाठी? असली दुर्मीळ वस्तू काचेआड जपून ठेवावी, रस्त्यावर आणून तिची झीज का करावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो खोटाही नाही. प्रत्येक प्रवासात या गाड्यांचे काहीतरी झिजतेच. परंतु उभी ठेवलेली मोटारही गंजते, आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट नाहीशी होते, ती म्हणजे तिला चालविण्याची विद्या. हँडल मारताना अंगठा कोठे ठेवावा, वंगणाचे थेंब किती सोडावेत, उतारावर ब्रेकचा भरवसा किती धरावा, हे सारे पुस्तकात पुरते उतरत नाही. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते घडविणारा कारागीर लागतो. आणि काम मिळत राहिले तरच तो कारागीर टिकतो. वर्षातून एकदा होणारा हा प्रवास त्या विद्येची उजळणीच होय.

आपणांस ही वारी पाहावयाची असेल तर तिकिटाची गरज नाही. उबदार कपडे घालून पहाटे हाइड पार्क गाठावे, किंवा ब्रायटनच्या मदीरा ड्राइव्हवर समुद्राकडे पाठ करून उभे राहावे. दुपारपर्यंत एकेक मोटार चिखलाने माखून, खोकत, पण स्वतःच्या बळावर येत असते. आपल्या घरी आजोबांचे घड्याळ किंवा आजीचे शिवणयंत्र अडगळीत पडले असेल, तर त्याला पुन्हा किल्ली द्यावी, तेल घालावे, आणि ते कसे चालते हे मुलांना शिकवावे, असे येथे उभे असताना वाटल्यावाचून राहत नाही.