तार आणि अमानत

आमच्या धंद्याला अजून नीट नाव मिळालेले नाही. सरकारी कागदावर आम्ही 'ऑपरेटर', मोहल्ल्यात 'केबलवाले', खेड्यापाड्यांत 'नेटवाले भाऊ'. आणि नेट बंद पडले की ज्याच्या तोंडी जे येईल ते. आम्ही म्हणजे पुसद भागात हे काम करणारे तिघे. एक शिडीवर चढतो, दुसरा तार जोडतो आणि तिसरा फोनवर लोकांची बोलणी खातो. सर्वांत अवघड काम तिसऱ्याचे, यावर आमचे एकमत आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा आमच्याकडे पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा जमाना होता. पुढे सायबर कॅफे आले. बारावीचा निकाल पाहायला पोरांची झुंबड उडायची. नेट बंद असले तर पोरे हिरमुसून परत जात आणि दुसऱ्या दिवशी येत. त्यात कोणाचे नुकसान होत नसे. आज सातबारा, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, हजचा अर्ज, पीकविमा, सारे याच तारेवरून जाते. तार तुटली की आता माणसाचा हक्क अडकतो.

आणि तार तुटायला कारण लागत नाही. काचेचा हा धागा केसाएवढा. त्यातली प्रकाशाची वाट नऊ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. नागपूर-तुळजापूर महामार्गाचे चौपदरीकरण चालू होते तेव्हा जेसीबीच्या एका फावड्यात दहा गावे अंधारात जात. कुटाराने गच्च भरलेला ट्रॅक्टर वरची तार ओढून नेतो. माकडे तिच्यावर झोके घेतात, उंदीर कुरतडतात. मृगाच्या पहिल्या विजेत घरोघरचे डबे जळतात. कधी तर दोष हजारो मैलांवर असतो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारतभर इंटरनेट मंदावले. गिऱ्हाइकाला समुद्र दिसत नाही, आम्ही दिसतो.

दुसरे दुखणे ई-मेलचे. ते समजावून सांगणे अधिक कठीण. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे आमच्यासारखे छोटे ऑपरेटर एका पत्त्यामागे शेकडो घरे बसवतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे पुष्कळ आणि घर नंबर एकच, तसे. आता एका बिऱ्हाडाच्या संगणकात व्हायरस शिरला आणि तो रात्रभर जगाला फालतू पत्रे धाडू लागला, की बदनामी साऱ्या वाड्याची होते. पत्ता काळ्या यादीत जातो. सकाळी जिनिंगच्या मुनीमजींचा फोन येतो, "मुंबईच्या व्यापाऱ्याला धाडलेला मेल परत आला. मी काय गुन्हा केला?" त्यांनी काहीच केलेले नसते. मग आम्ही दोषी संगणक शोधतो, तो साफ करतो, साध्या जोडण्यांवरून थेट मेल धाडण्याची वाट बंद करतो आणि यादीतून नाव काढण्यासाठी अर्ज करतो. दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात गाठींचा भाव बदललेला असतो.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. घरातल्या राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असतो. बदलला तर स्वतःचा मोबाइल नंबर ठेवतात, जो दुकानाच्या पाटीवरही लिहिलेला असतो. शेजारचे एक निवृत्त गुरुजी लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'पत्रिका' उघडून बसले. ती पत्रिका नव्हती, फोनमध्ये घुसणारे ॲप होते. बँकेचे निरोप परस्पर दुसरीकडे जाऊ लागले. त्यांनी तातडीने १९३० हा क्रमांक लावला म्हणून काही रक्कम अडवता आली. उरलेली गेली. चाची मात्र अजून विचारतात, "नेट तो तुम्हारा था ना?" तार आमची, हे खरेच. तारेतून येणारा चोर आमचा नाही, हे त्यांना कसे पटवावे?

सरकारने नियम केले आहेत. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेवाल्यांना गिऱ्हाइकांची नोंदवही वर्षभर जपायला लावली. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवा देणाऱ्यांना सायबर हल्ल्याची खबर ६ तासांत द्यायला आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले. नियम असावेत. पण आमच्या हाती जे येते ते नियमांत मावत नाही. तांड्यावरची एखादी माय फोन पुढे करते आणि म्हणते, "भाऊ, तूच पाहून टाक, मले काय समजते?" त्या फोनमध्ये तिचे आधार, तिचे बँक खाते, तिच्या लेकीचे फोटो असतात. आमच्या घरांत याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे, पण ती आपली नाही. म्हणून आम्ही तिघांनी एक रीत पाळली आहे: ओटीपी आम्ही ऐकत नाही, पासवर्ड लिहून घेत नाही. गिऱ्हाईक आकडे दाबू लागले की मान फिरवतो. लोक हसतात. हसोत.

या साऱ्याची किंमत किती, ते कर्जमाफीच्या वेळी कळले. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. केंद्रांवर रात्र-रात्र रांगा लागल्या. निंदण-वखरणाने झिजलेल्या अंगठ्यांचे ठसे यंत्र ओळखेना, आणि ओळखले तर सर्व्हर जागेवर नसे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोचले, त्या जिल्ह्यात लोक रात्री दोन वाजता आम्हाला विचारत, "भाऊ, नेट कवा येईन?"

मग २२ जुलै २०२३ चा पाऊस आला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि माणसे काढायला बचाव पथके धावली. जिल्हाभर शेते खरवडून गेली. तेव्हाच्या पीकविम्यात नुकसान ७२ तासांच्या आत कळवावे लागे, टोल फ्री फोनवर नाहीतर मोबाइलच्या ॲपमधून. आता पाहा, ज्या पावसाने पीक नेले त्यानेच नाल्यावरचे खांब नेले. तार बंद, टॉवर बंद, आणि घड्याळ चालू. आम्ही जोडणीचे यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतले आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो. वरच्या कंपनीच्या तक्रार केंद्रात फक्त संगीत वाजत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एक जोडणी लागली. गोदामात जनरेटर लावून आम्ही लोकांना बसवले. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांच्या तक्रारी गेल्या, साऱ्यांच्या नाही. जे राहिले त्यांच्यात लांबच्या तांड्यांवरचे जास्त होते, कारण रस्ताही त्यांचाच तुटला होता.

पीकविम्याचे नियम पुढे बदलले, २०२५ च्या खरिपात तर बरेच. पण हक्काला मुदत आणि मुदतीला तार, ही जोडी कायम आहे. आमचे म्हणणे एवढेच: सरकारने हक्क तारेवर ठेवला असेल तर तार तुटलेले दिवस मुदतीत धरू नयेत. तुटल्याची वेळ आमच्या यंत्रात मिनिटासकट नोंदलेली असते. ती नोंद पोलिसांनी मागितली तर आम्ही देतो. तीच नोंद शेतकऱ्याच्या बाजूनेही पुरावा म्हणून धरली जावी. आणि तोवर तहसीलच्या खिडकीत कागदी अर्ज घेणारा एक माणूस बसवावा.