नुक्ता

बटण दाबलं की पंखा फिरायचा, पुढचा हिरवा दिवा लागायचा, आणि मग काहीच नाही. मॉनिटर काळा. त्याचा केशरी दिवा तेवढा मिचमिचत राहायचा. काचीगुड्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत, खिडकीखाली, बाबांनी 2001 साली सुटे भाग जुळवून करून घेतलेला पेन्टियम थ्री ठेवलाय. त्यावर आईने जुन्या पडद्याचं झाकण शिवलेलं. बाबा गेल्यावर ते झाकण कुणी काढलंच नव्हतं.

त्या पेटीत बाबांची शब्दांची वही आहे. हैदराबादच्या मराठी घरांत जे शब्द आले, मुरले आणि राहिले, ते बाबा टिपत असत. आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर, मग या कॉम्प्युटरवर. विवेकवर्धिनीत शिकलेला माणूस, आयुष्यभर सरकारी कचेरीत टाइपरायटरवर बसलेला. 1956 साली भाषेप्रमाणे राज्यं आखली गेली, मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या जुन्या मुलखातून उठून मुंबई राज्यात गेले, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा इथली मराठी घरं होती तिथेच राहिली. बाबा म्हणायचे, आपण कुठे गेलो नाही, सरहद्द आपल्यावरून गेली. अशा घरांत पगाराला तनखा म्हणत, काळजीला फिकीर. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आम्ही पोरं हे शब्द गिळायचो. बाबांनी ते गिळू दिले नाहीत, लिहून ठेवले.

आणि लिहिताना त्यांचा सगळा जीव नुक्त्यात. ज खालचं ते टिंब. मराठीला त्याची सवय नाही. आपण ‘जरा’ आणि ‘जन्म’ एकाच ज ने लिहितो आणि वाचताना बरोबर वेगळे उच्चारतो. पण ‘ज़मीन’मधला ज़ हा ‘जरा’तला ज सुद्धा नाही, तो तिसराच, असं बाबा बोट आपटून सांगायचे. त्यात हैदराबादची आणखी एक गंमत. इथे क़ चा उच्चार ख़ होतो. लखनौचा माणूस क़लम म्हणेल, इथला ख़लम म्हणेल. 1591 साली हे शहर वसवणारा आणि स्वतः दखनीत कविता करणारा मुहम्मद क़ुली क़ुतुबशाह इथल्या तोंडी ख़ुली ख़ुतुबशाह होतो. कोणता शब्द किताबातून आला आणि कोणता गल्लीतून, हे त्या क आणि ख वरून, त्या एका टिंबावरून बाबा ओळखत. टिंब गेलं की शब्दाचा पत्ता गेला.

तुम्ही म्हणाल, डिस्क काढायची आणि नव्या मशीनला जोडायची. तेच आधी केलं. फाइल सापडली, शाबूत होती. उघडली तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि अर्धवट कंसांचा पाऊस. कारण विंडोज 98ला देवनागरी कळतच नव्हती. युनिकोडमध्ये आपली लिपी 1991 पासून होती, पण विंडोजमध्ये ती उतरायला 2000 साल उजाडलं आणि आमच्या घरात तर त्याहून उशीर झाला. तोवरच्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. रोमन अक्षरांच्या घरांत त्यांनी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले. कुठे काना, कुठे रफार, कुठे अर्धा त. मशीनच्या लेखी ती रोमन अक्षरंच, माणसाच्या डोळ्याला मराठी. ह्रस्व वेलांटी तर आधी टाकायची आणि व्यंजन मागून, टाइपरायटरवर टाकतात तशी. बाबांच्या बोटांना ते सरावाचंच होतं.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. दोन वापरून पाहिली. बरीचशी अक्षरं आली, जोडाक्षरं थोडी लंगडली, ती हाताने नीट करता आली असती. पण नुक्ता आलाच नाही. बाबांनी हट्ट करून फॉन्टवाल्याकडून एका रिकाम्या घरात तो बसवून घेतला होता, त्या घराची खबर कुठल्याही साधनाला नव्हती. ज़मीन जमीन झाली, ख़लम खलम झाला. आणि मूळ सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चढेना, त्याला पॅरलल पोर्टात खोचायचं डॉन्गल लागतं. ते अजून त्याच जुन्या पेटीच्या पाठीला आहे, अंगठ्याएवढं, स्क्रूने कसलेलं. म्हणजे हीच पेटी उठायला हवी होती.

मी आत्याला फोन केला.

आत्या ए. एस. राव नगरला राहते. ईसीआयएल उभी करणाऱ्या डॉ. ए. एस. राव यांच्या नावाची ती वस्ती. 1967 साली हैदराबादला ही कंपनी निघाली आणि 1969मध्ये तिचा टीडीसी-12 बाहेर पडला, भारतातच आखून, बनवून विकलेल्या अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटरांपैकी एक. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रात आखलेली गोष्ट इथे कुशाईगुड्याच्या माळावर तयार झाली. आत्या त्याच कंपनीत, पण कॉम्प्युटरच्या बाजूला नव्हती, ती ईसी टीव्हीच्या विभागात सोल्डरिंगला होती. कॉम्प्युटर आपल्याला शेजारचा, असं ती म्हणते. आता बहात्तर वर्षांची आहे.

“पंखा फिरतो म्हणजे वीज आली एवढंच कळलं,” ती म्हणाली. “बीप येते?”

“नाही.”

“मग त्याने स्वतःला तपासायला अजून घेतलंच नाही. काही काढू नकोस. मी येते.”

पिशवीत मल्टिमीटर, खोडरबर, पेपरक्लिपा आणि स्वतःची जुनी सोल्डरिंग गन घेऊन ती दुसऱ्या दिवशी आली. झाकण तिनेच काढलं, घडी घातली, आईच्या हातात दिली.

आधी वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस. मदरबोर्डात खोचलेला वीस पिनांचा जुडगा काढून तिने पेपरक्लिप वाकवली आणि हिरवी तार काळीला टेकवली. एसएमपीएसचा पंखा फिरला. आकडे वाचायचं काम माझं. पिवळ्यावर 12.1, लालवर 5, नारिंगीवर 3.3. मग तिने करड्या तारेवर बोट ठेवलं. “ही बघ. सगळे व्होल्ट जागेवर बसले की ही वर येते. ही येईपर्यंत प्रोसेसरला धरून ठेवलेलं असतं. अर्धा सेकंदसुद्धा नाही, पण तेवढं थांबतंच ते.” करडीवरही पाच आले. म्हणजे एसएमपीएस निर्दोष.

मग एकेक काढत गेलो. मोडेम, साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह, रिबन केबली. शेवटी रॅमच्या पट्ट्यासुद्धा. रॅमशिवाय चालू करायचं का, मी विचारलं. “मुद्दाम. रॅम नसेल तर त्याने बोंब मारायला हवी. बोंब मारली म्हणजे डोकं चालतंय.” बटण दाबलं. पंख्याचा आवाज, बाहेर काचीगुडा स्टेशनकडून आलेली एक शिट्टी. बाकी शांत.

टॉर्च मी धरला होता, दिसलं तिला. प्रोसेसरच्या शेजारी कॅपॅसिटरांची रांग असते, बोटाच्या पेराएवढी उभी डबडी, डोक्यावर फुलीची खाच. पाचांपैकी तिघांची डोकी सपाट राहिली नव्हती, बत्तासे फुगावेत तशी फुगली होती, आणि एकाच्या पायाशी तपकिरी खपली धरली होती. ती खाच त्यासाठीच असते, आत वायू साठला तर डबडं धडाक्याने न फुटता तिथून हळूच उकलावं म्हणून. 2000च्या आसपास बनलेल्या कितीतरी बोर्डांचं असंच झालं, जगभर. आतलं रसायनच सदोष निघालं होतं, ते हळूहळू वायू सोडत राहिलं. मशीनं तीन-चार वर्षांतच माना टाकू लागली. आमचं त्यातल्या त्यात चिवट.

कॅपॅसिटर काय करतो हे हैदराबादच्या माणसाला समजावणं सोपं आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून अंगणाखाली आपला संप असतो, जमिनीतली टाकी. नळ कसाही येवो, घरातली तोटी सारखी वाहते. प्रोसेसरला साधारण 1.7 व्होल्ट लागतात, पण अगदी एकसारखे. वरून वीज तुटकतुटक येते, ती या डबड्यांत साठते आणि सपाट होऊन पुढे जाते. संप आटला की नळ असून नसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सिकंदराबादला पार्क लेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेले. आता तिथे लॅपटॉपच लॅपटॉप, पण आतल्या बोळात एका काउंटरवर सुटे भाग विकणारा एक म्हातारा बसतो. फुगलेला कॅपॅसिटर त्याच्यापुढे ठेवला. 1500 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्ट. त्याने चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, “अम्मा, कोई बी नक्को लेओ. लो ईएसआर वालेइच लेओ, एक सौ पाँच डिग्रीवाले.”

पुडी घेऊन मी तिथेच उभी राहिले. त्याच्या एका वाक्यात दोन मराठी पाहुणे होते. नक्को हा आपला नको. आणि ‘वालेइच’च्या शेवटचा तो च आपल्या ‘मीच’, ‘तूच’मधला, चारेकशे वर्षं दखनीत राहून तिथलाच झालेला. बाबांच्या वहीतली पहिली नोंद ‘नको’ची होती, हे मला चिठ्ठ्यांवरून माहीत होतं. आपण फक्त घेतलं नाही, दिलंही, असं त्यांना पहिल्याच पानावर म्हणायचं होतं.

आत्याचे हात आता कापतात. म्हणून गन माझ्या हातात आणि माझं मनगट तिच्या हातात. जुना कॅपॅसिटर निघता निघेना. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असतात, ते सगळी ऊब पिऊन टाकतात आणि वरचं सोल्डर घट्टच राहतं. “त्याला थोडं नवं पाज,” आत्या म्हणाली. नव्या सोल्डरचा एक थेंब जुन्यावर टेकवला, राळेचा वास आला, आणि ते करडं, रुसलेलं सोल्डर एकदम आरशासारखं वितळलं. पाय सुटला. तिने पन्नास वर्षांपूर्वी शिकलेली ही गोष्ट माझ्या बोटांना कळली तो क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो. पाचही बदलले, मायनसचा पट्टा प्रत्येक वेळी दोघींनी मोठ्याने वाचून. सांधा कसा दिसायला हवा तेही तिने दाखवलं: पायाला वेढून वर निमुळता होत गेलेला, चकचकीत. गोळा झाला असेल तर तो नुसता टेकलाय, धरलेला नाही.

रॅम न लावता बटण दाबलं.

लांब, कर्कश बीप. थांबली, पुन्हा लांब बीप. आई स्वयंपाकघरातून धावत आली, “काय झालं गं?”

“बोललं,” आत्या म्हणाली. तिने डोळे पुसले, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मग रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, चटकन आवाज येईपर्यंत खाचेत दाबले. आता एकच छोटी बीप. पडद्यावर पांढरे आकडे पळाले, 131072 वर थांबले. तारीख विसरलोय असं मशीन म्हणालं, त्याची नाण्याएवढी बॅटरी कधीच संपली होती, ती नवी घातली आणि तारीख मी हाताने भरली. डिस्क परत जोडली. ती कुरकुरली, गरगरली. आणि निळ्या आभाळात विंडोजचे ते ढग आले.

वही उघडली. अक्षरं जागच्या जागी होती. ज़मीन, ख़लम, नज़र, प्रत्येकाखाली ते टिंब. मी कर्सर खाली नेत होते आणि आई खुर्चीच्या पाठीला धरून चष्म्यातून वाचत होती. प्रत्येक शब्दापुढे तो कुणाकडून ऐकला ते बाबांनी लिहिलं होतं. शेजारी. रिक्षावाला. ग्रंथसंग्रहालयातला शिपाई. बऱ्याच ठिकाणी नुसतं, घरून.

“घरून म्हणजे मी,” आई म्हणाली. मग एका ओळीशी थांबली. “हे चुकीचं लिहिलंय त्यांनी.”

दस्ती: हातरुमाल. घरून.

“हातरुमाल तो इथल्या लोकांचा. आमच्या परभणीला दस्तीत भाकरी बांधून द्यायचे शेतावर. मी त्यांना सांगितलं होतं.” तिने पडद्याला बोट लावलं. “लिही. शिदोरी बांधायचं फडकं.”

मी श टाइप केला, मग वेलांटी, मग दोरी. वेलांटी द च्या आधी जाऊन बसली. खोडलं. आधी वेलांटी टाकली, मग श.