हमामची भट्टी

महागड्या स्पामध्ये 'मोरोक्कन हमाम' म्हणून जे मिळतं त्यात ऑलिव्हचा काळा साबण असतो, खरखरीत हातमोजा असतो, अ‍ॅटलास पर्वतातली माती असते. मोहल्ला तेवढा नसतो. मोरोक्कोत हमाम मोहल्ल्याचा. एकापेक्षा एक गरम खोल्यांची रीत रोमन स्नानगृहांची, नमाजाआधीच्या शुद्धीची गरज इस्लामची आणि या सगळ्याला पुरणारी एक भट्टी. मराकेशमध्ये त्याच भट्टीच्या राखेत लोकांनी आणून दिलेली मटणाची मडकी हळूहळू शिजतात.

आपल्या फौजींना हमाम भेटतो तो काश्मीरमध्ये. गावच्या मशिदीला लागून खोली, खाली लाकडं जळतात, घडीव दगडाच्या लाद्या तापतात. तांब्याच्या हंड्यात पाणी. आपल्या बंबाचा थोरला भाऊच म्हणा. पण आंघोळ ही निम्मीच गोष्ट. 21 डिसेंबरला चाळीस दिवसांचा चिल्लई कलान सुरू झाला की म्हातारे त्या लाद्यांवर तासन्‌तास बसतात. सोयरीक, सफरचंदाचा भाव, बांधाचं भांडण, सगळं तिथेच.

मी आत कधी गेलो नाही. दारात युनिफॉर्म दिसला की बोलणं थांबतं, हे कुणी सांगावं लागत नाही. भट्टीचं तोंड मात्र बाहेरच्या भिंतीला होतं. गस्तीवरून परतताना आम्ही तिथे हात शेकायला थांबायचो. लाकडं सारणारा चाचा फार बोलायचा नाही. जरा बाजूला सरकायचा, एखादा ओंडका जास्त घालायचा. आतून हसण्याचे आवाज येत राहायचे.